फिक्सी सायकल आणि ब्रेक: पुण्याच्या रस्त्यांवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिग्नलला उभं राहिलं की शेजारचा स्कूटरवाला आधी माझ्या मागच्या चाकाकडे बघतो, मग हँडलकडे, आणि मग विचारतो, "एकच ब्रेक?" सिग्नल सुटेपर्यंत जेवढं सांगून होतं तेवढं सांगतो. उरलेलं इथे लिहून ठेवलंय. मी बरीच वर्षं फिक्सीवर कोथरूड ते शनिवार पेठ ये-जा करतो. माझं सायकलचं दुकान नाही आणि मला कुणाला काही विकायचंही नाही.

फिक्सी म्हणजे नेमकं काय? गिअर नसलेली सायकलच ना?

गिअर नसतात हे खरं, पण गोम वेगळीच आहे. साध्या सायकलच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. म्हणून उतारावर पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं आणि ती ओळखीची कटकट ऐकू येते. फिक्सीत फ्रीव्हीलच नाही. मागची दातेरी चकती हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, घट्ट बसवलेली असते. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, पायडल थांबवलं की चाक थांबणार, आणि उलटं मारलं तर सायकल चक्क मागे जाणार. लहान मुलांच्या तीनचाकीला पुढच्या चाकातच पायडल असतात, तसाच हा प्रकार, फक्त मधे चेन आली.

थोडक्यात, पाय सोडून निवांत बसायची सोय नाही. पहिल्या दिवशी हे प्रत्येक जण विसरतो, आणि सायकल त्याला सीटवरून उचलून आठवण करून देते.

पाय थांबवले की चाक थांबतं. मग ब्रेक हवाच कशाला?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

पीएमपीच्या बसमध्ये उभे असताना ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की सगळी बस पुढे कलंडते, मागचे लोक पुढच्यांच्या खांद्यावर येतात. सायकलवर तुमच्या वजनाचं तेच होतं. ब्रेक लागला की भार पुढच्या चाकावर जातो आणि मागचं चाक हलकं पडतं. हलकं चाक रस्ता धरत नाही. मग त्याला पायाने थांबवा, रबराने थांबवा नाहीतर डिस्कने, मागच्या चाकाची थांबवायची ताकद ठरावीकच राहते. पुढच्या चाकाचं उलटं आहे. जितका ब्रेक दाबाल तितकं ते जमिनीला चिकटतं.

आकड्यांत बघू. ताशी 25 किलोमीटर हा काही फार वेग नाही, कर्वे रस्त्यावर पहाटे कुणीही गाठतो. या वेगाला तुम्ही सेकंदाला सात मीटर जाता. चांगला पुढचा ब्रेक, कोरडा रस्ता आणि थोडा सराव असेल तर ब्रेक लागल्यापासून साधारण पाच मीटरमध्ये सायकल थांबते. नुसतं मागचं चाक अडवलं तर दहा-अकरा मीटर लागतात. म्हणजे दोन रिक्षा एकामागे एक उभ्या राहतील एवढा फरक, आणि पुण्यात त्या दोन रिक्षा बहुतेक वेळा तिथे खरोखरच उभ्या असतात.

पायांचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. वेग थोडा कमी करणं, गर्दीत रेंगाळत जाणं, सिग्नलच्या पन्नास मीटर आधीपासून हळूहळू येणं, या कामात फिक्सीइतकी गोड सायकल दुसरी नाही. माझा ब्रेक दिवसात चार-पाच वेळाच दाबला जातो. पण त्या चार-पाच वेळांपैकी एखाद्या वेळी समोर कुत्रं असतं, किंवा दप्तर घेऊन धावणारं पोर. पाय वेग सांभाळायला, ब्रेक थांबायला. ही दोन कामं वेगळी आहेत, एवढं पटलं तर बाकीचं पान चाळलंत तरी चालेल.

पण स्किड मारून थांबतात ना? व्हिडिओत तर झटकन थांबतात.

व्हिडिओत रस्ता रिकामा असतो.

स्किड मारताना अंगाचं वजन हँडलवर टाकून मागचं चाक हलकं करायचं, पाय आडवे अडकवायचे आणि चाक घासत न्यायचं. आता गंमत बघा, थांबायचं म्हणून तुम्ही थांबवणारं चाकच हलकं करताय. त्यात घसरणारा टायर फिरणाऱ्या टायरपेक्षा रस्ता कमी धरतो, आणि एकदा घसरायला लागला की बाजूलाही सरकतो. दिसायला भारी दिसतं, मीही फर्ग्युसन रस्त्यावर पोरांसमोर मारलेली आहे. ब्रेक म्हणून मात्र ही चीज दुय्यम आहे.

पुढचा ब्रेक दाबला की तोंडावर पडतो, असं लहानपणापासून ऐकलंय.

मीही ऐकलंय. तासाच्या भाड्याने सायकल आणून नळीतून पाय घालत हाफ पायडल शिकलेल्या प्रत्येकाला कुणीतरी वडीलधाऱ्याने हे सांगितलेलं असतं. त्या वयात ते बरोबरही होतं, कारण सायकल आपल्यापेक्षा मोठी आणि हात हँडलला लोंबकळलेले.

माणूस पुढे उडतो तो बहुतेक वेळा ब्रेकमुळे नाही, सैल हातांमुळे. सायकल थांबते, अंग थांबत नाही, आणि कोपरं दुमडून छाती हँडलवर येते. उपाय साधा आहे. ब्रेक दाबताना ढुंगण सीटवर मागे सरकवायचं, हात ताठ ठेवून हँडलवर रेटा देत अंग मागे धरायचं, आणि लिव्हर एकदम आवळायची नाही, लिंबू पिळताना जोर वाढवत नेतो तशी दाबायची. मागचं चाक हलकं झाल्यासारखं वाटलं की किंचित सोडायची.

रविवारी सकाळी मैदानात किंवा सोसायटीच्या मोकळ्या पार्किंगमध्ये खडूने एक रेघ मारा. रेघेवर चाक आलं की ब्रेक दाबायचा आणि जिथे थांबाल तिथे खूण करायची. वीस वेळा करा. विसाव्या खुणेकडे बघितलंत की पहिल्या खुणेचं हसू येईल. एवढा सराव केलेला मनुष्य मी अजून तोंडावर पडलेला पाहिला नाही. वळणावर, ओल्या झेब्रा पट्ट्यांवर आणि वाळूवर मात्र पुढचा ब्रेक जोरात दाबायचा नाही. वेग वळणाच्या आधी कमी करायचा.

नुसता पुढचा ब्रेक पुरतो का, की मागचाही लावू?

सपाट शहरात, चाक कायम फिक्स ठेवणार असाल, तर पुढचा ब्रेक आणि पाय पुरतात. मागचा ब्रेक लावला तर बिघडत काहीच नाही. गुडघे कुरकुरत असतील, पायडलला पाय बांधत नसाल, किंवा घरातलं दुसरं कुणी ती सायकल चालवत असेल, तर लावाच. गुडघ्यांचं म्हणाल तर फिरत्या पायडलला रोज अडवणं हा जिना उतरण्यासारखा भार आहे. पंचविशीत तो जाणवत नाही.

आणि हब दोन तोंडांचा असेल, म्हणजे एका बाजूला फिक्स आणि दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील, तर चाक उलटून फ्रीव्हीलवर आलात की पायांचा ब्रेक संपला. मग मागचा ब्रेक हवाच.

चेन पडली तर काय होतं?

पायांचा ब्रेक गेला. संपला विषय.

माझा स्वतःचा किस्सा सांगतो. सकाळी घाईत पंक्चर काढलं होतं आणि मागचं चाक ओढून बसवताना चेन ढिली राहिली. नट आवळले, निघालो. संध्याकाळी चांदणी चौकातून कोथरूडकडे उतरताना एका खड्ड्यात चाक आपटलं आणि पायांखालचा भार एकदम नाहीसा झाला. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं वाटावं आणि ती नसावी, तसं. पाय भसाभस फिरले, चेन बाहेरच्या बाजूला लोंबत होती आणि पुढे थांब्यावर बस उभी होती. पुढचा ब्रेक होता म्हणून बसच्या मागे दोन हातांवर थांबलो. बसच्या मागच्या काचेवर कुणीतरी बोटाने धुळीत बदाम काढला होता, तो अजून डोळ्यांसमोर आहे.

माझी गोष्ट स्वस्तात निपटली, कारण चेन बाहेर पडली. तीच चेन चकती आणि हब यांच्या मधे अडकली असती तर मागचं चाक जाम झालं असतं.

चेन तपासायला मधोमध बोटाने वर-खाली हलवा. साधारण एक सेंटिमीटर हलली पाहिजे. पायडल पूर्ण फिरवून बघा, कारण चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल असते. जिथे सगळ्यात ताठ आहे तिथलं माप धरा. पंधरा नंबरचा पाना पिशवीत कायम असू द्या.

माझ्या सायकलच्या पुढच्या चिमट्याला ब्रेकचं भोकच नाही. आता?

म्हणजे ती शर्यतीच्या ट्रॅकसाठी केलेली, किंवा ट्रॅकसारखी दिसावी म्हणून केलेली सायकल आहे. चिमटा लोखंडी असेल आणि माथा भरीव असेल तर चांगला कारागीर भोक पाडून देतो. ब्रेकचा बोल्ट 6 मिलिमीटरचा असतो, आणि आत बसणारा लांब नट असेल तर मागच्या बाजूचं भोक 8 मिलिमीटरचं करावं लागतं. भोक मधोमध आणि सरळ हवं, एवढ्यावर सगळं अवलंबून. ड्रिल मशीन हातात धरून "होऊन जाईल" म्हणणाऱ्याकडून करू नका.

अ‍ॅल्युमिनियमच्या चिमट्याला मी हात लावणार नाही, आणि कार्बनला तर कुणीच लावू नये. सरळ भोकवाला चिमटा घ्या. घेताना तीन गोष्टी मोजून न्या: चिमट्याच्या वरच्या नळीची जाडी, तिची लांबी आणि चाकाचा आकार. क्लॅम्पने आवळून बसवायचे ब्रेकचे पट्टेही मिळतात. तात्पुरती सोय म्हणून ठीक, पण जोरात ब्रेक लागला की ते फिरण्याची भीती असते, म्हणून माझं मत त्यांच्या बाजूने नाही.

कोणता ब्रेक घेऊ? कॅलिपर, व्ही, डिस्क?

कॅलिपर म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा ब्रेक. बहुतेकांसाठी दोन खिळींचा कॅलिपर, ज्याला दुकानात ड्युअल पिव्हट म्हणतात. एका बोल्टवर बसतो, एका वायरवर चालतो, बिघडला तर कुठल्याही पेठेत दुरुस्त होतो. जुन्या पद्धतीचा एक खिळीचा कॅलिपर स्वस्त असतो, पण त्याचा एक हात कायम रिमला घासत राहतो आणि रिमवर जोरही कमी पडतो.

फसगत होते ती कॅलिपरच्या हातांच्या लांबीत. बोल्टपासून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. छोटे कॅलिपर साधारण 39 ते 49 मिलिमीटरचे आणि मोठे 47 ते 57 चे येतात. माप न घेता आणलात तर रबर एकतर टायरला घासेल (आणि टायर कापेल) किंवा रिमच्या खाली जाईल. माप दोन्हींत बसत असेल आणि जाड टायर टाकायचा विचार असेल तर मोठाच घ्या.

व्ही ब्रेकला चिमट्यावर दोन खुंट्या लागतात. असतील तर उत्तम ब्रेक, नसतील तर विसरा. डिस्कलाही चिमट्यावर जागा आणि वेगळा हब लागतो. नंतर वेल्डिंग करून डिस्क बसवून देतो म्हणणारे भेटतील, त्यांना चहा पाजा आणि घरी या. पुढच्या हबमध्येच ड्रम ब्रेक असलेलं चाक स्टर्मी-आर्चर बनवते. पावसात त्याला तोड नाही कारण रबर-रिमचा संबंधच नाही. जड असतं, शोधावं लागतं, पण मिळालं तर वर्षानुवर्षं बघायला नको.

एक बारकी गोष्ट सगळे विसरतात. कॅलिपरची लिव्हर वेगळी आणि व्ही ब्रेकची वेगळी. व्हीची लिव्हर कॅलिपरला लावली तर हाताला एकदम कडक, मस्त वाटते, आणि सायकल थांबत नाही, कारण ती वायर जास्त ओढते पण जोर कमी देते. उलट केलं तर लिव्हर हँडलला टेकते आणि रबर रिमला जेमतेम लागतं. "नवीन ब्रेक लावला तरी लागत नाही" अशा तक्रारीत मी आधी लिव्हर बघतो.

एकच ब्रेक असेल तर लिव्हर कोणत्या हाताला?

उजव्या. आपल्याकडे स्कूटर आणि मोटरसायकलचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, आणि पुणेकराचा हात आधी तिथेच शिकलेला असतो. घाबरल्यावर डोकं नाही, सवय चालते. आयात केलेल्या बऱ्याच सायकलींवर पुढचा ब्रेक डावीकडे असतो, तो वायर बदलून उजवीकडे घ्या.

आजोबांची 28 इंची सायकल आहे. ती फिक्स करायची आहे. दांड्यांचे ब्रेक ठेवू का?

आधी आजोबांना विचारा.

ते हो म्हणाले तर पुढचा दांडीब्रेक ठेवा. त्याची रचना वेगळी आहे. लिव्हर दाबली की दांड्या वर ओढल्या जातात आणि रबराचे ठोकळे रिमच्या आतल्या बाजूला, आऱ्यांच्या अंगाने लागतात. ती रिमही त्यासाठीच घडवलेली असते. त्यामुळे नव्या धाटणीची अ‍ॅल्युमिनियमची रिम टाकलीत की दांड्या निकामी, आणि जुन्या रिमवर कॅलिपर लावलात तर त्याला धरायला सपाट बाजू सापडत नाही. अर्धं जुनं अर्धं नवं करू नका.

कोरड्यात हा ब्रेक सांभाळून घेतो. पावसात चकचकीत लोखंडी रिम ओली झाली की तो ब्रेक राहत नाही, विनंती होते. पूर्वीच्या दूधवाल्यांना हे पक्कं ठाऊक होतं. पावसात चौक लांब असतानाच ते ब्रेक टेकवून रिम पुसून घ्यायचे.

आमचा मेकॅनिक म्हणतो, फ्रीव्हीलला वेल्डिंग मारून फिक्स करून देतो. दोनशे रुपयांत.

नको. या एका प्रश्नापुरतं मला पुणेरी पाटी लावायची परवानगी द्या: येथे वेल्डिंग करून मिळालेल्या फिक्सीबद्दल चर्चा केली जाणार नाही.

पण कारण सांगतो. मागची चकती हबवर आट्यांनी बसते. पुढे पायडल मारलं की ती आणखी घट्ट होते. पाय उलटे अडवले की ती सैल व्हायच्या दिशेने जोर लागतो. म्हणून खऱ्या फिक्स हबवर चकतीच्या बाहेर दुसरी एक चकती असते, लॉकरिंग, आणि तिचे आटे उलटे असतात. मोठी चकती सुटायला निघाली की लॉकरिंग आणखी आवळली जाते. साधं, जुनं, हुशार डोकं आहे ते.

फ्रीव्हीलच्या हबवर उलट्या आट्यांची जागाच नसते. तिथे वेल्ड केलेलं फ्रीव्हील किंवा नुसती चकती बसवली तर ती टिकते, टिकते, आणि ज्या दिवशी तुम्ही सगळ्यात जोरात पाय अडवता त्याच दिवशी सुटते. म्हणजे नेमकी गरज असताना. इंग्रजीत याला आत्महत्येच्या नावाने ओळखतात, आणि ते नाव गमतीने पडलेलं नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलाला हे असंच करून मिळालं होतं, टिळक रस्त्यावर त्याचे पाय मोकळे फिरले. समोर कुणी नव्हतं, एवढंच त्याचं नशीब.

खरा फिक्स हब घेतल्यावरसुद्धा एक काम राहतं. चकती बसवा, लॉकरिंग आवळा, मग एखादा चढ दमाने चढून या. मी एआरएआयच्या टेकडीचा चढ घेतो. चढावर चकती आणखी आत बसते आणि लॉकरिंग सैल पडते. घरी येऊन ती पुन्हा आवळा. उलटे आटे आहेत, त्यामुळे नेहमीच्या उलट दिशेने. हे विसरून ती सोडून बसलेले लोक मी पाहिलेत, आरशात एक.

बॅक पायडल ब्रेक आणि फिक्स, दोन्ही एकत्र?

होत नाही. बॅक पायडल ब्रेकला, म्हणजे पाय उलटे मारले की हबच्या आत लागणाऱ्या ब्रेकला, पाय थांबले तरी चाक फिरायला हवं असतं, फिक्समध्ये तेच नाही. हँडलवर वायर नको, दिसायला स्वच्छ हवं, एवढीच हौस असेल तर बॅक पायडलचा हब घ्या आणि पुढे एक ब्रेक लावा. छान, शांत सायकल होते.

पावसाळ्यात काय बदलू?

जूनच्या आधी ब्रेकची आतली वायर बदला, आणि आउटरमध्ये, म्हणजे वायरच्या बाहेरच्या नळीत, गंज दिसला तर तोही. वायर फार महाग नाही आणि तुटताना सहसा पूर्वसूचना देत नाही. लिव्हरपाशी वायरचा एखादा धागा सुटलेला दिसला की आजच बदलायची, उद्या नाही. रबरं चांगली घ्या. ओल्यासाठीची, विटकरी-गुलाबी रंगाची कूलस्टॉपची रबरं मी वापरतो, रिम कमी खातात आणि ओल्यात लवकर धरतात. रबरात अडकलेले वाळूचे कण टाचणीने काढत जा. ते रिम किसतात.

पहिल्या दोन-तीन सरींना रस्ता सगळ्यात वाईट असतो, वर्षभराचं तेल वर येतं. मग झेब्रा पट्टे, चेंबरची झाकणं, पेव्हर ब्लॉक, आणि कुठे काम चालू असेल तर रस्त्यावर टाकलेले लोखंडी पत्रे. यांच्यावर ना स्किड, ना जोराचा ब्रेक, ना वळण. सरळ, हलक्या पायाने पार व्हायचं. ओल्यात ब्रेक पहिल्या एक-दोन फेऱ्यांत फक्त पाणी पुसतो, तेवढं अंतर आधीच धरा. आणि भिडे पुलावर पाणी असेल तर ब्रेकचा प्रश्नच येत नाही, दुसऱ्या पुलाने जा.

मागचा टायर महिन्यात संपतो. का?

स्किड मारताय म्हणून. पण दात्यांचं गणितही बघा. फिक्सीत पायडल ज्या स्थितीत अडवता, चाक ठरावीक जागांवरच थांबतं. पुढचे दाते भागिले मागचे दाते हा अपूर्णांक सोपा करा, खालचा आकडा म्हणजे टायर झिजण्याच्या जागा. 48 आणि 16 असतील तर 3 भागिले 1, म्हणजे टायर कायम एकाच जागी घासणार. 44 आणि 16 असतील तर 11 भागिले 4, चार जागा. 46 आणि 17 ला काहीच भाग जात नाही, सतरा जागा. सोप्या केलेल्या अपूर्णांकात वरचा आकडा विषम असेल आणि तुम्ही दोन्ही पाय आलटून-पालटून पुढे ठेवत असाल तर जागा दुप्पट होतात. सतरा दात्यांची चकती टायरपेक्षा स्वस्त पडते.

फिक्सीवर सिंहगड होईल का?

चढायला होईल, मांड्या असतील तर. उतरायचं बोला.

46-17 च्या जोडीला पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण 5.7 मीटर जाते. ताशी 30 ला मिनिटाला 88 फेऱ्या, आरामात. ताशी 50 ला 146. घाटात ताशी 50 ला जास्त वेळ लागत नाही, आणि 146 फेऱ्यांना पाय तुमचे राहत नाहीत, सायकलचे होतात. एकदा पायडलवरून पाय सुटला की फिरतं पायडल पोटरी फोडून काढतं आणि तो पाय पुन्हा बसवणं अवघड. त्यामुळे वेग पहिल्या वळणापासूनच दाबून ठेवायचा. तोही एकाच ब्रेकने सतत दाबत आलात तर रिम तापते. खाली आल्यावर रिमला बोट लावून बघा, म्हणजे लावू नकाच.

सिंहगड, कात्रज, दिवे घाट, कुठेही जायचं तर दोन ब्रेक आणि दोन तोंडांचा हब. वर पिठलं-भाकरी खाऊन होईपर्यंत पाय थंड होतात, मग चाक उलटून फ्रीव्हीलवर घ्या आणि माणसासारखे उतरा. त्यात कमीपणा नाही. फ्रान्सच्या मोठ्या शर्यतीत 1937 पर्यंत गिअर बदलायची यंत्रणा चालत नव्हती, तेव्हा भलेभले घाटाच्या पायथ्याला उतरून चाक उलटं करायचे.

वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतीच्या ट्रॅकवर, तर ब्रेक लावूच देत नाहीत. मग?

बरोबर, आणि त्यामागे कारण आहे. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात वेलोड्रोम आहे, तिथे उभं राहून बघा. सगळे एकाच दिशेने जातात, समोरून कुणी येत नाही, सिग्नल नाही, पाणीपुरीची गाडी नाही. चाकाला चाक लावून चाललेल्या रांगेत एकाने ब्रेक दाबला तर मागचे सगळे त्याच्यावर येतील. तिथे ब्रेक नसणं ही सुरक्षितता आहे. लक्ष्मी रस्त्यावर शनिवारी संध्याकाळी यातलं काय काय लागू होतं ते तुम्हीच ठरवा.

कायदा काय म्हणतो?

सायकल म्हणजे मोटार वाहन नव्हे, त्यामुळे लायसन्स वगैरे काही नाही. पण सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 खाली गुन्हा आहे, आणि तिथे इंजिन असलंच पाहिजे असं लिहिलेलं नाही. ब्रिटनमध्ये 1983 च्या नियमांनुसार फिक्स चाकाच्या सायकलला पुढचा ब्रेक लागतोच, फिक्स चाक मागच्या ब्रेकच्या जागी धरतात. जपानमध्ये दोन्ही चाकांना ब्रेक लागतात आणि ताशी 10 किलोमीटरला तीन मीटरच्या आत थांबता आलं पाहिजे. 2016 मध्ये लंडनला पुढचा ब्रेक नसलेल्या फिक्सीची धडक बसून एक बाई गेल्या. चालवणाऱ्या मुलाला पुढच्या वर्षी दीड वर्षाची शिक्षा झाली, ती 1861 च्या, घोडागाडीच्या काळातल्या कायद्याखाली.

ब्रेक चिरकतो.

रबराची पुढची कड रिमला किंचित आधी लागेल असं तिरकं बसवा. मागच्या कडेखाली पत्त्याचा तुकडा ठेवून आवळलं की जमतं. तरी चिरकला तर रिमला तेल लागलंय, स्पिरिटने पुसा.

चेन साफ करताना काही वेगळी काळजी?

सायकल उलटी ठेवून चाक फिरवत फडक्याने चेन पुसू नका. साध्या सायकलचं चाक फिरत असताना चेन थांबते. फिक्सीत ती चाकाबरोबर फिरत राहते, फडकं ओढते आणि फडक्यामागून बोट. चाक हाताने थोडं थोडं सरकवत, थांबवून पुसायची. हे ब्रेकच्या पानावर का? कारण फिरत्या फिक्स चाकाला सगळ्यात घाईने थांबवावंसं वाटतं ते नेमकं तेव्हा, आणि तेव्हा कुठलाच ब्रेक कामाला येत नाही.

दुकानात म्हणाले ब्रेक काढून देतो, सायकल जास्त "क्लीन" दिसते.

घेताना ब्रेक लावूनच घ्या आणि पैसे देण्याआधी दुकानाच्या दारात एकदा करकचून दाबून बघा. "नंतर या, लावून देऊ" या वाक्यावर सायकल घरी नेऊ नका.

तुमच्या सायकलला मागचा ब्रेक आहे का?

पावसाळ्यापुरता. जूनमध्ये लावतो, दिवाळीत काढतो. यंदा गुडघ्याने काढू दिलेला नाही.